रेषेचा चढ: पाखाडीपासून आलेखापर्यंत

इयत्ता दहावीच्या गणित भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात रेषेचा चढ येतो आणि बहुतेक वर्गांत तो थेट सूत्राच्या रूपानेच फळ्यावर उतरतो. दोन बिंदू घ्यायचे, य-निर्देशकांतील फरक वर लिहायचा, क्ष-निर्देशकांतील फरक खाली लिहायचा आणि भागाकार करायचा, एवढे विद्यार्थी एका तासिकेत शिकतात व परीक्षेत त्याचे गुणही मिळवतात. पण त्याच विद्यार्थ्यांना शाळेमागची पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढणीची वाट) अधिक चढी की देवळाकडे जाणारी, असे विचारले तर बरेच जण जी उंच आहे तिच्याकडे बोट दाखवतात, काही जण जी चढताना दम लागतो तिच्याकडे, आणि भागाकार क्वचितच कोणाला आठवतो. सूत्र सांगण्याआधी चार-पाच तासिका खऱ्याखुऱ्या चढांवर कशा खर्च कराव्यात आणि कोणत्या क्रमाने, हे नव्याने गणित शिकवू लागलेल्या शिक्षकांसाठी येथे मांडले आहे.

कोकणात या कामासाठी लांब जावे लागत नाही. खेळासाठी सपाट जागा मिळवताना येथील शाळांची दमछाक होते. चढ मात्र दाराशीच असतो. मोजमापाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठेवावे, कारण पावसात आणि त्यानंतरही काही आठवडे जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते व हातात टेप धरून मागे सरकणारा मुलगा त्यावरून हमखास घसरतो. वर्ग घेऊन महामार्गावर किंवा घाटरस्त्यावर मोजमापाला जाऊ नये. शाळेच्या आवारातील रॅम्प, जवळची पाखाडी आणि एखादे कौलारू घर एवढे पुरेसे आहे.

आधी वाद होऊ द्यावा

पहिल्या तासिकेत टेप किंवा पट्टी बाहेर काढू नये. फळ्यावर तीन जोड्या काढाव्यात. पहिल्या जोडीत दोन्ही वाटांची आडवी लांबी सारखी आणि उंची वेगळी असावी. दुसरीत उंची सारखी आणि आडवी लांबी वेगळी. या दोन्हींत कोणती वाट अधिक चढी हे वर्ग एकमताने सांगतो, म्हणून त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. तिसऱ्या जोडीत दोन्ही बाबी वेगळ्या ठेवाव्यात: एक वाट १२० सेंटिमीटर आडवे अंतर जाताना ४० सेंटिमीटर चढते, दुसरी २०० सेंटिमीटर जाताना ७० सेंटिमीटर चढते. चित्र प्रमाणात काढू नये, नाहीतर मुले डोळ्यांनी अंदाज बांधून मोकळी होतात.

येथे हमखास वजाबाकी पुढे येते. पहिल्या वाटेत १२० मधून ४० गेले, ८० उरले. दुसरीत २०० मधून ७० गेले, १३० उरले. फरक लहान म्हणून पहिली वाट अधिक चढी, असा युक्तिवाद वर्गातील हुशार मुलेच करतात. शिक्षकाने तो लगेच खोडून काढू नये. त्याऐवजी एक पाखाडी समोर ठेवावी, जिची प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. एका पायरीचा फरक १५ येतो, दोन पायऱ्यांचा ३०, दहा पायऱ्यांचा १५०. पाखाडी तीच, पायऱ्या एकसारख्या, मग दहा पायऱ्या चढून गेल्यावर ती कमी चढी झाली का, असे विचारावे. मुले थोडा वेळ गप्प राहतात, कोणीतरी हिशेब पुन्हा करून पाहते, आणि मग १५ भागिले ३०, ३० भागिले ६०, १५० भागिले ३०० या तिन्हींचे उत्तर ०.५ येते हे त्यांचे त्यांनाच दिसते. आता तिसऱ्या जोडीकडे परत यावे: ४० भागिले १२० म्हणजे सुमारे ०.३३ आणि ७० भागिले २०० म्हणजे ०.३५, म्हणून दुसरी वाट किंचित अधिक चढी.

गुणोत्तराची गरज विद्यार्थ्याला स्वतः भासणे हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्यासाठी अख्खी तासिका गेली तरी ती वाया गेली असे मानू नये. जे पुढे येते ते बरेचसे याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

पाखाडी मोजताना

दुसऱ्या तासिकेला चार-चार मुलांचे गट करून पाखाडीवर न्यावे. प्रत्येक गटाला टेप, वही आणि शक्य असल्यास गवंड्याची पाणसळ (आडवी पातळी दाखवणारे बुडबुड्याचे साधन) व ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) द्यावा. गावात गवंडी असतोच. त्याला एक दिवस बोलावले तर तो ही साधने कशी धरायची हे शिक्षकापेक्षा चांगले दाखवतो, शिवाय न्हाणीघराच्या फरशीला फुटाला एक सूत ढाळ द्यायचा म्हणजे काय, हेही सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून फुटाला एक सूत म्हणजे ९६ ला १, अर्थात ९६ आडवे जाताना १ उतार. हे गणित मुलांकडून त्याच्यासमोरच करवून घ्यावे.

पायऱ्या मोजताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो आणि ती आधी टाळण्यापेक्षा घडू देऊन मग शोधायला लावणे अधिक फायद्याचे असते. दहा पायऱ्यांची उंची मुले जमिनीपासून सर्वांत वरच्या पायरीच्या माथ्यापर्यंत घेतात, ती १५० सेंटिमीटर येते. आडवी लांबी मात्र पहिल्या पायरीच्या कडेपासून शेवटच्या पायरीच्या कडेपर्यंत घेतात, ती २७० सेंटिमीटर येते, कारण दहा उभ्या उठावांच्या मध्ये पायऱ्यांचे आडवे भाग नऊच बसतात. भागाकार ०.५६ येतो आणि एका पायरीवरून काढलेल्या ०.५ शी जुळत नाही. दोन्ही मापे एकाच दोन बिंदूंमधली हवीत, हे सूत्रातील दोन बिंदूंचे मर्म मुलांना येथे पायाशीच सापडते. पायरीच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्या पायरीच्या पुढच्या कडेपर्यंत उंची आणि आडवे अंतर, दोन्ही त्याच दोन कडांमध्ये घ्यावे, असा नियम त्यांनीच वहीत लिहावा.

जुन्या पाखाड्यांचे चिरे झिजलेले असतात आणि पायऱ्या एकसारख्या नसतात, ही अडचण समजू नये. प्रत्येक गटाने वेगवेगळ्या दोन कडा निवडल्या की गुणोत्तरे थोडी वेगवेगळी येतात. ती सर्व फळ्यावर लिहून संपूर्ण पाखाडीचा सरासरी चढ आणि एखाद्या टप्प्याचा चढ यांत फरक असू शकतो, हे दाखवावे. सरळ रेषेचे वैशिष्ट्य कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येणे हे आहे, आणि त्याचे महत्त्व झिजलेल्या पाखाडीनंतर अधिक कळते.

पायऱ्या नसलेल्या उतरत्या वाटेसाठी दोन पद्धती आहेत. छोट्या अंतरासाठी एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्यावी. तिचे एक टोक वाटेच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवावे, पट्टीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उचलावे, आणि त्या टोकापासून ओळंबा सोडून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. आडवे अंतर १०० सेंटिमीटर असल्यामुळे मिळालेला आकडा हाच चढाची टक्केवारी असतो. १२ सेंटिमीटर आले तर चढ १२ टक्के. याहून सोपे उपकरण शाळेत बनवता येत नाही.

लांब अंतरासाठी गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी वापरावी. दहा मीटर नळीत पाणी भरून दोन टोके दोन उभ्या मोजपट्ट्यांना धरावीत. दोन्हींकडील पाण्याची पातळी एकच असल्यामुळे जमिनीपासूनच्या दोन मापांतील फरक म्हणजे उंचीतील फरक होय. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण त्याने पातळी फसते. नळी भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते आधी पाहावे, अंगठे काढल्यावर पाणी हलायचे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच वाचन घ्यावे. पाणी नीट दिसावे म्हणून त्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाकावेत. (कोकमाचे आगळ टाकण्याची सूचना वर्गातून येतेच, गणवेशाचा विचार करून ती नाकारावी.) आडवे अंतर मात्र जमिनीवर टेप टाकून घेऊ नये, दोरी आडवी ताणून घ्यावे. जमिनीवरून घेतलेली लांबी ही कर्णाची लांबी असते. मंद उतारावर त्याने विशेष बिघडत नाही, पण पाखाडीसारख्या चढावर उत्तर चांगलेच चुकते: १५ आणि ३० बाजूंच्या त्रिकोणाचा कर्ण सुमारे ३३.५ येतो आणि ०.५ च्या जागी ०.४५ मिळते.

रॅम्पचा हिशेब

शाळेचा रॅम्प हे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण त्याला ठरलेला निकष आहे. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पचा चढ १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा, असे सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेबाबतची भारतीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. व्हरांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्पची आडवी लांबी किमान ५४० सेंटिमीटर हवी. गटांनी आपल्या शाळेचा रॅम्प मोजावा आणि तो या निकषात बसतो का ते पाहावे. तो ३ मीटरचाच भरला तर चढ ०.१५ येतो, म्हणजे निकषाच्या जवळजवळ दुप्पट. अशा वेळी मोजमापाची आकृती आणि हिशेब शाळा व्यवस्थापन समितीकडे देणे हा उत्तम गृहपाठ ठरतो. किती उंचीसाठी किती लांबी लागेल, असा उलटा प्रश्न येथे सहज विचारता येतो, आणि सूत्र पाठ करणाऱ्याला तोच अवघड जातो.

छपराची दोन पाखे

धन आणि ऋण चढासाठी कौलारू छपरासारखे दुसरे उदाहरण नाही. कोकणात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून येथील छपरे बरीच उतरती असतात. समजा, दोन भिंतींमधले अंतर ६ मीटर आहे आणि आढे भिंतींच्या माथ्यापासून १.८ मीटर उंच आहे. चढ काढताना मुले १.८ ला ६ ने भागतात. वासा भिंतीपासून आढ्यापर्यंत जाताना आडवे फक्त ३ मीटर जातो, हे त्यांना चित्रावर बोट ठेवून दाखवावे लागते. उत्तर ०.६. आता छपराचे चित्र आलेख कागदावर काढून डावीकडून उजवीकडे चालत जाण्याची दिशा ठरवून घ्यावी: डाव्या पाख्याचा चढ ०.६, उजव्या पाख्याचा ऋण ०.६. तीव्रता दोन्हींची सारखीच आहे, चिन्ह फक्त दिशा सांगते. ऋण चढ म्हणजे कमी चढ, अशी समजूत काही मुलांची असते. ती दूर करायला पागोळ्या दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने गळतात एवढे सांगणे पुरते.

याच चित्रात भिंत आणि जमीनही आहेत. सपाट जमिनीवर आडवे कितीही गेले तरी उंची वाढत नाही, म्हणून चढ शून्य. भिंतीवर आडवे अंतर शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ निश्चित करता येत नाही. येथे ‘अनंत’ हा शब्द वापरण्याचा मोह टाळावा. पुढच्या वर्गांत त्याने गोंधळ होतो.

५० टक्के, १२ ला १ आणि १५० ला १

एकच चढ तीन-चार प्रकारे लिहिला जातो आणि त्यांची सांगड घालणे हा स्वतंत्र सरावाचा विषय आहे. कोकण रेल्वेचे उदाहरण येथे घ्यावे. १ मे १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या या मार्गावर गाडीला पेलावा लागणारा कमाल चढ १५० ला १ एवढाच ठेवलेला आहे, म्हणजे १५० मीटर पुढे जाताना फार तर १ मीटर चढ. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे आणि तेथे गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. १५० हा आकडा ३७ पेक्षा मोठा, म्हणून कोकण रेल्वे अधिक चढी, असे उत्तर वर्गात येणारच. टक्केवारी काढायला लावली की ०.६७ आणि २.७ हे आकडे समोर येतात आणि गैरसमज मिटतो. इतका मंद चढ राखण्यासाठी या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आणि सुमारे २००० लहानमोठे पूल बांधावे लागले, हे सांगितले तर डोंगर असूनही रूळ जवळजवळ सपाट कसे, याचे उत्तर मुलांना मिळते. स्थानकाजवळ राहणाऱ्या मुलांनी रुळांच्या कडेचे चढाचे खांब, त्यांचे तिरके हात आणि त्यांवरचे आकडे फलाटावरूनच पाहावेत. रुळांत उतरायचे नाही, हे आधीच बजावून सांगावे.

सह्याद्रीसारख्या तीव्र डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी भारतीय निकषांत सहा टक्क्यांच्या आसपासचा चढ नेहमीचा धरतात आणि अगदी नाइलाजानेच आठ टक्क्यांपर्यंत जातात. ५० टक्क्यांची पाखाडी चढणाऱ्या मुलांना आठ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटते. भरलेल्या ट्रकला तो चढ काय वाटत असेल, याची चर्चा पाच मिनिटे होऊ द्यावी. १०० टक्के चढ म्हणजे उभा कडा, ही समजूतही याच वेळी तपासावी. जितके आडवे तितकेच वर, म्हणजे १०० टक्के, आणि तो कोन ४५ अंशांचा असतो. २०० टक्के चढही असू शकतो.

आता सूत्र

मोजमापाच्या वह्या उघड्या ठेवूनच आलेखाकडे वळावे. पाखाडीच्या सर्वांत खालच्या पायरीच्या कडेला आरंभबिंदू मानून पुढच्या प्रत्येक कडेचे निर्देशक लिहावेत: (३०, १५), (६०, ३०), (९०, ४५). दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखेच घ्यावे, कारण य-अक्षाचे प्रमाण बदलले की रेषा कागदावर अधिक उभी दिसते आणि चढ मात्र तोच राहतो. एकदा मुद्दाम तसे काढून दाखवणे उपयोगाचे आहे. आता कोणतेही दोन बिंदू निवडून उंचीतील फरक आणि आडव्या अंतरातील फरक निर्देशकांवरून काढायला सांगितले की सूत्र मुलेच बोलून दाखवतात. वजाबाकीचा क्रम वर आणि खाली सारखाच ठेवायचा एवढी एक सूचना शिक्षकाने द्यावी. लहान-मोठे त्रिकोण समरूप असल्यामुळे गुणोत्तर बदलत नाही, हा दुवा पहिल्या प्रकरणाशी जोडून द्यावा.

धक्क्यावरची फळी

बंदराजवळच्या शाळांनी एक उदाहरण सोडू नये. होडीतून धक्क्यावर येण्यासाठी टाकलेली फळी भरतीला जवळजवळ आडवी असते आणि ओहोटीला होडी खाली गेली की ती उभी होत जाते. येथे फळीची लांबी कायम आहे आणि उंचीबरोबर आडवे अंतरही बदलते, म्हणून गणित वेगळेच होते. फळी २.५ मीटरची घ्यावी. होडी धक्क्यापेक्षा ०.७ मीटर खाली असताना पायथागोरसच्या प्रमेयाने आडवे अंतर २.४ मीटर येते आणि चढ सुमारे ०.२९. पाणी ओसरून होडी १.५ मीटर खाली गेली की आडवे अंतर २ मीटर उरते आणि चढ ०.७५ होतो. उंची दुपटीपेक्षा थोडी अधिक वाढली, चढ मात्र अडीचपटीहून अधिक वाढला. टोपली डोक्यावर घेऊन उतरणाऱ्यांना ओहोटीची फळी का नकोशी वाटते, हे या आकड्यांत दिसते.

कोन येथे आणावा, त्याआधी नाही. कोनमापक, दोरा आणि स्ट्रॉ यांचे उपकरण करून पहिल्याच दिवशी अंश मोजायला लावण्याची हौस अनेक प्रशिक्षणांत दिसते. मुले रमतात, पण चढ म्हणजे कोनच असे त्यांच्या मनात बसते. फळीच्या दोन स्थितींचे कोन सुमारे १६ आणि ३७ अंश येतात, आणि चढ म्हणजे त्या कोनाचे टॅन गुणोत्तर हे येथे सांगता येते. चढ दुप्पट केला तर कोन दुप्पट होतो का, हे ०.५ आणि १ या चढांवर तपासायला सांगावे. पहिला कोन २६.६ अंशांचा, दुसरा ४५ अंशांचा. मोबाइलवरील कोन दाखवणारे अॅप पडताळणीपुरते चालेल.

भूगोलाच्या शिक्षकांशी बोलून एक तासिका नकाशावर घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषांमधील अंतर सहसा २० मीटर उंचीचे असते. कागदावर दोन रेषांत ४ मिलीमीटर अंतर असेल तर जमिनीवर ते २०० मीटर होते आणि चढ १० ला १ येतो; २ मिलीमीटर असेल तर ५ ला १.

शेवटचा टप्पा लहान आहे, पण तो वगळू नये: चढाला एकक मिळते तेव्हा काय होते. गावातील विहिरीच्या पाण्याची पातळी डिसेंबरपासून मेपर्यंत दर महिन्याला नोंदवून आलेख काढायला सांगावे. डिसेंबरमध्ये पाणी काठापासून ४ मीटर खाली आणि मेमध्ये ९ मीटर खाली असेल, तर पाच महिन्यांत पातळी ५ मीटर उतरली, म्हणजे पातळीच्या आलेखाचा सरासरी चढ दर महिन्याला ऋण १ मीटर. या आलेखात कोणतीही वाट किंवा पायरी नाही, आडव्या अक्षावर महिने आहेत, तरी मुलांनी उंचीतील फरक भागिले आडवा फरक हाच हिशेब केलेला असतो. मूल्यमापनासाठी याच आलेखावर एप्रिल-मेमधला आणि डिसेंबर-जानेवारीमधला चढ वेगवेगळा काढायला सांगून, पाणी कोणत्या महिन्यात अधिक वेगाने उतरले हे कारणासह लिहायला द्यावे. जो विद्यार्थी केवळ सर्वांत खालची पातळी पाहून उत्तर देतो, त्याला पहिल्या तासिकेतील तिसऱ्या जोडीवर पुन्हा न्यावे.